शून्याची जागा

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शाळामास्तरकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा एक आकड्यांचा खेळ आहे. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान. मोठीतून लहान वजा करा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तिथेच राहते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली. पायथॉन या संगणकाच्या भाषेत हा सारा खेळ सात-आठ ओळींत बसतो. त्या ओळी सावकाश वाचाव्यात अशाच आहेत.

प्रोग्राम समजा ३५२४ ला प्रथम अक्षरांची माळ म्हणून हाती घेतो आणि चढत्या क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्टेड’ला देतो. मूळ माळेला धक्का लागत नाही. बाहेर येते एक नवी लिस्ट: दोन, तीन, चार, पाच. अंक सेटमध्ये टाकले असते, तर ८०८२ सारख्या संख्येतला एक आठ हरवला असता. लिस्ट मात्र क्रम राखते आणि जुळ्यांनाही वेगवेगळी जागा देते.

पुढची ओळ मला सर्वांत देखणी वाटते. चौकटी कंसात दोन कोलन आणि उणे एक, एवढ्यानेच लिस्ट उलटी होते. अंक पुन्हा लावायला नकोत. लावलेलेच उलट्या बाजूने वाचायचे. ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. वजाबाकीतल्या दोन्ही संख्यांत अंक तेच चार आहेत. सारा फरक क्रमाने घडवला आहे. कापरेकरांच्या खेळाचे मर्म या एका ओळीत आले आहे.

खरी कसोटी २१११ घेतल्यावर लागते. २१११ उणे १११२ म्हणजे ९९९. संख्या म्हणून हे उत्तर बरोबर आहे, पण चौथा अंक दिसेनासा झाला. तीनच अंक घेऊन पुढे गेलो, तर ९९९ मधून ९९९ जाऊन शून्य उरते आणि खेळ मोडतो. म्हणून प्रोग्राममध्ये ‘झेडफिल’ची छोटी सूचना असते: चार जागा भरेपर्यंत डावीकडे शून्ये लाव. आता ०९९९ मधून ९९९० आणि ०९९९ तयार होतात आणि वाट पुन्हा सापडते. डावीकडच्या शून्याला किंमत नसते असे आपण शाळेत शिकतो. इथे त्याच्या जागेवरच सारे अवलंबून आहे.

प्रत्येक उत्तर ‘अपेंड’ने दुसऱ्या एका लिस्टच्या शेवटी जोडले जाते. नवे उत्तर आणि लिस्टमधले शेवटचे सारखे निघाले, की लूप थांबतो. शेवटचे हवे तर पायथॉनमध्ये उणे एक क्रमांक मागायचा. लिस्ट किती लांब झाली हे मोजावे लागत नाही. आपण ६१७४ हे उत्तर प्रोग्रामला कुठेच सांगितलेले नसते. तरीही ७६४१ मधून १४६७ वजा होतात, तेच उत्तर पुन्हा येते आणि थांबायची खूण त्यालाच कळते.

शेवटी पडद्यावर ती लिस्ट उमटते: २१११, ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. माझी नजर दर वेळी दुसऱ्या आकड्यावर थबकते. त्याच्या डोक्यावरचे शून्य पुसले असते, तर पुढचे चार आकडे आलेच नसते.