सामोअन फक्त गाण्यापुरतीच का?

मिकी मागासिव्हाचा 'टीना' २०२५मध्ये न्यूझीलंडमध्ये लागला आणि थिएटरं भरून वाहिली. क्राइस्टचर्चच्या भूकंपात मुलगी गमावलेली सामोअन शिक्षिका एका श्रीमंत शाळेत गायनवृंद उभा करते. आनापेला पोलाताइवाओने ती ज्या ताकदीने उभी केली आहे, त्यापुढे कुणीही हात जोडावेत. तरीही थिएटरबाहेर पडताना एक गोष्ट खुपत राहते. नाव सामोअन, प्रार्थना सामोअन, गाण्यात सामोअन. संवाद मात्र बहुतेक इंग्रजी. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या समाजाची कला आज इथेच अडून बसली आहे. गोष्ट आपली, माणसं आपली, दुःख आपलं. भाषा मात्र सणावारी ट्रंकेतून काढायच्या शालूसारखी.

पॅसिफिक अंडरग्राउंड या नाट्यसंस्थेच्या पिढीला हा दोष देता येणार नाही. 'फ्रेश ऑफ द बोट' १९९३चं, ऑस्कर काइटलीचं 'डॉन रेड्स' १९९७चं. सत्तरच्या दशकात पहाटे दार ठोठावून ज्यांना व्हिसा विचारला गेला, त्यांच्या मुलांना देशाच्या तोंडावर काही सुनवायचं होतं आणि ते देशाला कळेल अशाच भाषेत सुनवणं भाग होतं. २०२१मध्ये पंतप्रधानांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. सुनवायचं ते सुनवून झालं. आता आपसात बोलायचं कधी?

आपसात बोलताना सामोअन काय करते ते पाहावं. साधं घर 'फाले'. सरदाराचं घर 'माओता'. वक्त्याचा मान असलेल्या 'तुलाफाले'चं घर 'लाओआ'. एका शब्दात बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची पायरी ठरते. उच्चारांचंही तसंच. चर्चमध्ये आणि शाळेत 'त' म्हणायचा, घरात त्याचाच 'क' होतो. माणूस पाद्र्यासमोर 'तंगाता', चुलीपाशी 'कंगाका'. पात्राने दोन वाक्यांच्या मध्ये 'त' सोडून 'क' धरला, की ते कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत गेलं हे नेपथ्याशिवाय कळतं. इंग्रजी संवादात हे सगळं सपाट होऊन जातं.

तुसी तामासेसेने २०११मध्ये 'द ओरेटर' केला तो हे ओळखून. पूर्णपणे सामोअन भाषेतला तो पहिला कथापट, आणि परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी न्यूझीलंडने पाठवलेलाही पहिलाच. त्याचा नायक सायली बुटका आहे, तारोची शेती करतो आणि गावच्या टवाळीखाली वाकलेला आहे. बायको मरते; माहेरचे लोक तिचा देह उचलून नेतात. सायली तो परत मागायला जातो, त्याच्यापाशी हत्यार एकच: भाषण. वक्त्याच्या हातात काठी असते, खांद्यावर काथ्याची चवरी असते, पण उंची त्याच्या शब्दांनी येते. तामासेसे घाई करत नाही. शब्दाआधीची शांतता, कुठल्या घराण्याचा मान आधी घ्यायचा हा पेच, सगळं तो पडद्यावर सांडू देतो. वक्तृत्व हाच या चित्रपटाचा विषय, तोच त्याचा संघर्ष आणि तोच त्याचा आकार. हा प्रसंग इंग्रजीत लिहून पाहावा; उरते ती एका दुःखी माणसाची विनवणी.

आणि हे आकार आयते पडलेले आहेत. 'फाले आइतू' म्हणजे भुतांचं घर: सोंग घेतलेला नट सरदाराची खिल्ली उडवतो आणि कुणी हात उगारत नाही, कारण बोलतो तो नट नव्हे, भूत. 'फांगोंगो' म्हणजे रात्री सांगायची गोष्ट: मधूनमधून गाणं येतं आणि ऐकणारे 'आउए' म्हणत साथ देतात, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही. प्रेक्षकाला अंधारात गप्प बसवणाऱ्या रंगभूमीला यातून केवढं शिकता येईल!

इंग्रजीत राहूनही ही वाट धरता येते, हे कवयित्री तुसिआता आविआने दाखवलं. 'वाइल्ड डॉग्ज अंडर माय स्कर्ट' हा तिचा एकपात्री प्रयोग २०१६मध्ये सहा बायकांनी मांगेरे इथे उभा केला, पोलाताइवाओच्याच दिग्दर्शनाखाली. २०२०मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिची इंग्रजी सामोअन जिभेने वाकवलेली आहे. मावश्या, आत्या ज्या ठसक्यात बोलतात तो ठसका तिने साफसूफ केलेला नाही. भाषा अर्धी हरवली असेल, तर ती अर्धीच ऐकवण्याचा हा प्रामाणिकपणा आहे.

ब्लॅक ग्रेस आणि लेमी पोनिफासिओचा माऊ या नृत्यसंस्थांचं काम थोर आहे, पण देहाला दुभाषी लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न त्यांना टोचत नाही. 'नेक्स्ट गोल विन्स' हा चित्रपट बेटाची गोष्ट बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाच्या खांद्यावरून सांगतो. त्यावर आणखी शाई नको. 'मोआना २'वर तर नाहीच.

प्रेक्षकाला कळणार नाही, ही सबब आता चालू नये. जेसन मोमोआच्या 'चीफ ऑफ वॉर'चे २०२५मधले पहिले भाग जवळजवळ पूर्ण हवाईयन भाषेत आले. १८९६च्या कायद्याने जी भाषा शाळांतून हुसकली, ती एका बड्या अमेरिकी कंपनीच्या मालिकेत ऐकू आली आणि जगाने खाली उपशीर्षकं वाचली. मग ऑकलंडच्या नाट्यगृहाने कशाला घाबरावं? २०१८च्या जनगणनेत इंग्रजी आणि माओरीखालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा सामोअन होती.

यावर उत्तर येतं की इथे जन्मलेल्या पोरांनाच ती येत नाही, त्यांना का लाजवायचं? लाजवू नये. पण त्यांचं न येणं रंगमंचावर आणावं. निउएअन भाषेचंच पाहा. निउए बेटावर उरलेत सुमारे १,६०० लोक. न्यूझीलंडमध्ये निउएअन ३०,००० हून अधिक, आणि युनेस्कोच्या यादीत त्यांची भाषा धोक्यात. रंगमंचावर एखादी निउएअन आजी आपल्या भाषेत दोन मिनिटं बोलली, नातीला त्यातले चार शब्द कळले आणि प्रेक्षकालाही भाषांतर मिळालं नाही, तर बिघडलं काय? त्या दोन मिनिटांत नात ज्या कोंडीत रोज जगते, तिथेच सारं नाट्यगृह बसेल. आजीचं तेच बोलणं इंग्रजीत लिहिणारा नाटककार सोय पाहतो ती तिकीट काढून आलेल्या परक्याची. नातीची नाही, आणि आजीची तर नाहीच नाही.