‘ह्यूमोरल’ मधला ह्यूमर

इम्युनॉलॉजीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक ओळ हमखास सापडते: ह्यूमर म्हणजे शरीरातला द्रव, म्हणून ह्यूमोरल इम्युनिटी म्हणजे द्रवातली प्रतिकारशक्ती. ओळ बरोबर आहे. पण ती घाईत उरकली जाते आणि लगेच दोन रकान्यांचा तक्ता येतो: ह्यूमोरल म्हणजे बी पेशी, सेल-मीडिएटेड म्हणजे टी पेशी. नेट-सेटच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांना तेवढं पुरतं. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र कुणी ‘असं का म्हणायचं?’ एवढंच विचारलं, तरी हा तक्ता कोसळतो.

कारण हे दोन्ही शब्द मुळात पेशींची नावं नाहीतच. ती प्रयोगांच्या निकालांची नावं आहेत. १८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या सशाचं सीरम उंदरांना टोचलं, आणि उंदीर वाचले. संरक्षण पेशीविरहित द्रवातून दुसऱ्या प्राण्यात गेलं, म्हणून ते ह्यूमोरल. पुढे १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगमधली साध्या रसायनांविरुद्धची त्वचेची संवेदनशीलता सीरमने नाही, तर पेशींनी दुसऱ्या गिनीपिगमध्ये नेता येते हे दाखवलं. ती सेल-मीडिएटेड. बी आणि टी पेशींची कामं वेगळी आहेत हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे नावं आधी आली, पेशी नंतर, आणि पाठ्यपुस्तक क्रम उलटा करून सांगतं.

त्याने काय बिघडतं? एक तर अँटिबॉडी तयार व्हायला बहुतेक प्रथिन-अँटिजेनसाठी टी हेल्पर पेशींची मदत लागते, हे तक्त्यात दिसत नाही. दुसरं, कॉम्प्लिमेंट प्रथिनंही रक्तद्रवातच असतात, म्हणजे तीही ह्यूमोरलच. पण बी पेशींच्या रकान्यात त्यांना जागा नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लसीनंतर अँटिबॉडीचा टायटर मोजला की आपण प्रतिकारशक्तीची एक बाजू मोजलेली असते. टायटर उतरला म्हणजे संरक्षण संपलं, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिण्याआधी हे आठवलं पाहिजे.

आता मूळ शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘उमोर’ म्हणजे ओलावा. त्याला ‘ह’ नंतर चिकटला. ग्रीक-रोमन वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार ह्यूमर. त्यांचं प्रमाण ठरवी माणसाची प्रकृती आणि मनःस्थितीसुद्धा. मेलँकोलीचा शब्दशः अर्थच काळं पित्त. द्रवावरून स्वभाव, स्वभावावरून लहर, लहरी माणसावरून हसणं, असा हा शब्द घसरत आला. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ या नाटकाच्या नावात तो मधल्या पायरीवर आहे. १८५८ मध्ये फिरखोने रोगाचं मूळ पेशीत शोधलं आणि चार द्रवांचं वैद्यक मागे पडलं. गंमत म्हणजे तीसेक वर्षांत सीरमच्या निमित्ताने हाच शब्द प्रयोगशाळेत परत आला, आता पुराव्यासकट.

आपल्याकडे याच शब्दाने वेगळा घोळ घातला आहे. आयुर्वेदाच्या इंग्रजी भाषांतरांत ‘दोष’साठी सर्रास ह्यूमर वापरतात. पित्त आणि कफापर्यंत ठीक, पण वात हा द्रव कुठाय? शिवाय ग्रीकांच्या यादीतलं रक्त आयुर्वेदात धातूंमध्ये मोजतात. तीन आणि चार हा फक्त आकड्याचा फरक नव्हे. भाषांतर वाचणारा मात्र दोन्हीकडे एकच सिद्धांत आहे असं धरून चालतो. आयुर्वेदावर संशोधन करणाऱ्यांनी ‘दोष’ हाच शब्द ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शरीरावरून मन ओळखायची खोड मात्र दोन्हीकडे सारखी. आपलं पित्त खवळतं, आणि कुणी फार पिडलं तर ‘वात आणलास’ म्हणतोच की! हसण्यासाठी मात्र मराठीने ‘विनोद’ हा स्वतंत्र शब्द ठेवला, त्यामुळे हा गुंता आपल्या वाट्याला इंग्रजीतूनच येतो.

तो येतो लिटरेचर सर्चच्या वेळी. पबमेडवर नुसतं ‘ह्यूमर’ टाकलंत तर काचबिंदूच्या संदर्भातला डोळ्यातला ॲक्वियस ह्यूमर आणि रुग्णालयातल्या विदूषकांचे प्रयोग एकाच यादीत येऊन बसतात. म्हणून मेश शीर्षकांवरून शोधा: ‘ॲक्वियस ह्यूमर’, ‘इम्युनिटी, ह्यूमोरल’ आणि विनोदासाठी ‘विट अँड ह्यूमर ॲज टॉपिक’ अशी ती वेगवेगळी आहेत. शीर्षक-सारांशात शोधताना दोन्ही स्पेलिंग द्या, कारण ब्रिटिश लोक ‘ह्यूमर’मध्ये जास्तीचा ‘यू’ घालतात, आणि ‘ह्यूमोरल’ लिहिताना तेच तो गाळतात.