वेदनेची परिभाषा : फायब्रोमायाल्जियाच्या निकषांचे परीक्षण

रोगाचे नाव हे बहुधा त्याच्या कारणाविषयीचे विधान असते. विधान खोटे ठरले तरी नाव मागे उरते. सर्वांगीण वेदना, थकवा व ताजेपणा न देणारी झोप ही ज्या व्याधीची लक्षणे, तिच्या परिभाषेत हे स्पष्ट दिसते. १९०४ साली गॉवर्स ह्यांनी कंबरदुखीच्या विवेचनात ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा योजिली. तिचा अंत्य प्रत्यय दाहाचा वाचक. तो दाह पुढे सिद्ध झाला नाही. ‘फायब्रोमायाल्जिया’ ह्या नावाने दाह वगळला, परंतु वेदनेचे स्थान तंतू व स्नायू हेच ठेविले. २०१७ साली आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने स्वीकारलेल्या ‘नोसिप्लॅस्टिक’ ह्या संज्ञेने लक्ष वेदनासंवेदनेच्या बदललेल्या प्रक्रियेकडे वळविले. तथापि २०२१ साली रुग्णांची प्रतिपिंडे टोचलेल्या उंदरांत वेदनाक्षमता वाढलेली आढळली. तेव्हा कारणमीमांसा संपली असे म्हणता येत नाही.

नावापेक्षा निकषांतील स्थित्यंतर अधिक मूलगामी आहे. १९९० च्या अमेरिकन निकषांत १८ बिंदूंपैकी ११ ठिकाणी सुमारे ४ किलोग्रॅम दाबाने दुखणे आवश्यक होते. २०१० च्या निकषांनी बिंदू वगळून शरीराचे १९ भाग व लक्षणांची तीव्रता ह्यांची नोंद घेतली. पूर्वी प्रमाण वैद्याच्या बोटाचे होते. आता ते रुग्णाच्या शब्दाचे झाले. निदान सिद्ध करणारी रक्तचाचणी वा क्ष-किरणचित्र नसल्याने ज्यांचे दुखणे ढोंग ठरविले जाई, त्यांच्या दृष्टीने हा न्यायच होय.

मात्र शब्द हेच मापनाचे साधन ठरल्यावर त्याची पारख अपरिहार्य होते. मराठीत ठणका, कळ, सल, रग, चमक हे परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘पाय दुखतो’ ह्यात अवयव कर्ता आहे. ‘अंग मोडून येते’ ह्यात सारे शरीरच कर्ता आहे, स्थाननिर्देश नाही. असे सांगणाऱ्या स्त्रीच्या तक्त्यात १९ खुणा कराव्यात की एकही नाही? शिवाय ‘दुखणे’ म्हणजे वेदना आणि आजारही. म्हणून ‘दुखणे किती दिवसांचे?’ हा प्रश्नच द्व्यर्थी ठरतो.

उपचारांत २०१७ च्या युरोपीय शिफारशींनी ठाम अनुकूलता केवळ व्यायामाला दिली. औषधांचा लाभ मर्यादित आहे. निकषांनी रुग्णाचे बोलणे पुरावा मानले, हे त्यांचे श्रेय. ते बोलणे कोणत्या भाषेत होते ह्याकडे दुर्लक्ष, ही त्यांची उणीव. प्रश्नावलीचे केवळ भाषांतर करून ती भरून निघणार नाही.