ऑर्वेलची अंडी

जॉर्ज ऑर्वेलच्या लेखनातल्या कुठल्या भागाची सगळ्यात जास्त चेष्टा झाली असेल, तर त्याने मोजलेल्या अंड्यांची. ९ ऑगस्ट २००८ पासून ऑर्वेल प्राइझवाल्या मंडळींनी त्याच्या रोजनिश्या नेटवर टाकायला सुरुवात केली. नियम एकच. नोंद ज्या तारखेची असेल, ती बरोबर ७० वर्षांनी त्याच तारखेला येणार. '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'चा लेखक रोज काहीतरी जबरदस्त बोलणार अशा आशेने लोक आले. पहिल्याच नोंदीत त्यांना भेटला एक साप, फुलझाडांच्या वाफ्यात पकडलेला. मग हवा, मग रानातली फळं. सप्टेंबर १९३८ मध्ये ऑर्वेल तब्येतीसाठी मोरोक्कोत गेला, माराकेशबाहेर घर घेतलं, कोंबड्या आणि शेळ्या पाळल्या, आणि अंड्यांचे आकडे सुरू झाले. काही दिवशी अख्खी नोंद म्हणजे तेवढाच आकडा. लोक त्यावरही बोलले. काही वैतागले, आणि काही अंड्यांची वाट पाहू लागले.

हे सगळं घडत होतं तेव्हा मी शाळेत होतो. त्या नोंदी मी अलीकडे वाचल्या, फोनवर, ऑफिसच्या बसमध्ये, आणि मुद्दाम एका दिवशी एकच. माझं रोजचं काम सर्व्हरचे लॉग बघण्याचं. लॉगमध्ये विशेषण नसतं. काय झालं, किती वाजता झालं, बास. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा लॉग कोणी उघडतही नाही. काहीतरी कोसळलं की मात्र त्या कंटाळवाण्या ओळीच एकमेव साक्षीदार उरतात. ऑर्वेलच्या अंड्यांकडे मी याच सवयीने बघितलं. तुम्हाला ही इंजिनियरची खोड वाटेल, पण मला वाटतं त्यांच्याकडे बघायचं असंच.

एप्रिल १९३९ पासूनच्या नोंदी इंग्लंडमधल्या वॉलिंग्टन या गावातल्या आहेत. हर्टफर्डशायरमधलं छोटंसं खेडं. ऑर्वेल १९३६ मध्ये तिथे राहायला गेला. घर म्हणजे पूर्वीचं गावचं दुकान, वर पत्रा, वीज नाही, भाडं आठवड्याला ७ शिलिंग ६ पेन्स. इथल्या नोंदींत काय असतं? आज काय पेरलं, काय उगवलं, कोणत्या झाडाला कळ्या आल्या, पाऊस किती, किती अंडी, त्यातली किती विकली आणि काय भावाने. अंडी तो विसाच्या हिशेबाने विकत असे. आपल्याकडे जिला कोडी म्हणतात तीच. म्हणजे ही हौसेची बाग नव्हती. पुस्तकांवर पुरेसे पैसे न मिळणाऱ्या माणसाचा तो जोडधंदा होता.

हे सांगावंसं वाटतं, कारण ऑर्वेलच्या बागेचं आता फार गोंडस चित्र तयार झालं आहे. त्यात रिबेका सोलनिटच्या २०२१ च्या 'ऑर्वेल्स रोझेस' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुस्तक चांगलं आहे. ऑर्वेलने वूलवर्थ्समधून आणून लावलेल्या सहा-सहा पेन्सच्या गुलाबांवरून ती कोळशाच्या खाणींपर्यंत, स्टालिनच्या लिंबांपर्यंत आणि कोलंबियातल्या फुलांच्या कारखान्यांपर्यंत जाते. मुख्य मुद्दा असा की राजकारणाने पेटलेल्या माणसालाही आनंद लागतो, आणि तो आनंद राजकारणाच्या विरोधात नसतो. हे मला पटतं. पण रोजनिश्या ओळीने वाचल्यावर वाटत राहतं की बाईंनी गुलाब निवडले कारण गुलाबांवर लिहिता येतं. अंड्यांवर, कोंबडखतावर, शेळीच्या दुधावर असं लिहिता येत नाही. (शेळीचं नाव म्युरिएल. 'अ‍ॅनिमल फार्म'मधल्या शेळीचंही तेच.) ऑर्वेलने स्वतः १९४६ च्या एका लेखात त्या खरेदीचा हिशेब दिला आहे: पाच फळझाडं, सात गुलाब, दोन गूजबेरीची झुडपं, सगळं मिळून साडेबारा शिलिंग. आनंदाबद्दल लिहितानाही तो आधी पावती दाखवतो.

वाचनाबाबतही तेच. त्याच वर्षीच्या 'बुक्स व्हर्सेस सिगारेट्स' या लेखात तो घरातली पुस्तकं मोजायला बसतो. फ्लॅटवर ४४२, दुसऱ्या ठिकाणी साधारण तितकीच, म्हणजे सुमारे ९००. मग किती विकत घेतली, किती भेट आली, किती नेऊन परत दिली नाहीत, याची वर्गवारी. शेवटी निष्कर्ष असा की वाचनापेक्षा तंबाखू आणि बियरवर आपला जास्त खर्च होतो, त्यामुळे पुस्तकं परवडत नाहीत ही तक्रार खोटी आहे. आज हा लेख कोणी लिहिला असता तर त्यात जुन्या पुस्तकांच्या वासावर दोन परिच्छेद नक्की आले असते. ऑर्वेल बेरीज करतो.

आता १९३९ चा उन्हाळा बघा. २ जुलैपासून ऑर्वेल दोन वह्या चालवतो. एका वहीत घरची बाग. दुसरीत युद्धाकडे नेणाऱ्या घटना, वर्तमानपत्रांतून टिपलेल्या, विषयवार लावलेल्या आणि कुठून घेतल्या त्याच्या उल्लेखासह. नेटवर या दोन्ही एकाखाली एक येतात. एकीकडे हिटलर आणि स्टालिन यांचा करार होतो आहे, दुसरीकडे शेंगा आणि बटाटे चालू आहेत. ऑर्वेलच्या चेष्टेला इथे धार येते: जग जळत असताना हा गृहस्थ भाजी मोजत होता!

मला ही टीका ओळखीची वाटते, कारण आपण ती रोज एकमेकांवर करतो. काहीतरी भयंकर घडतं आणि त्या दिवशी कोणी जेवणाचा फोटो टाकला की खाली लगेच येतं, तुला आत्ता हे सुचतंय का. मीही असं म्हणालो आहे, आणि असं म्हणणाऱ्यांचं सगळंच चुकतं असंही मला वाटत नाही. पण ऑर्वेलच्या त्या दोन वह्या शेजारी ठेवून वाचल्या तर दिसतं की लिहिण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे. घटनांच्या वहीतही तो मत फारसं देत नाही, कोण काय म्हणालं आणि कुठे छापून आलं ते लिहितो. स्पेनच्या युद्धातून तो परतला होता. जी लढाई झालीच नाही तिची वर्णनं आणि जी झाली तिच्याबद्दल पूर्ण मौन, असं त्याने वर्तमानपत्रांत बघितलं होतं. त्या अनुभवानंतर आज इतकी अंडी, हा आकडा म्हणजे निदान एक अशी गोष्ट की जिच्याबद्दल कोणी खोटं सांगू शकत नाही. '१९८४'मध्ये दोन अधिक दोन किती यावरून माणसाला मोडतात, ते लिहिणारा हाच माणूस.

३ सप्टेंबरला युद्ध जाहीर होतं आणि घटनांची वही संपते. बागेची संपत नाही. मधले काही दिवस कोरे जातात, आणि मग तो लिहितो की धावपळीत आणि युद्धाच्या गोंधळात नोंद ठेवता आली नाही. त्यानंतर लगेच हवा कशी होती ते, आणि भाज्यांची स्थिती. बसमध्ये हे वाचून मी फोन बंद करून ठेवला होता. एकदम पुस्तक म्हणून वाचलं असतं तर पान उलटून पुढे गेलो असतो. पण रोज एक नोंद वाचणाऱ्याला तो कोरा भाग खरोखर कोरे दिवस म्हणून लागतो.

मात्र या वहीत एक मोठं भोक आहे. अंडी गोळा कोण करत होतं? ऑर्वेल बाहेरगावी असला की नोंदी त्याची बायको आयलीन ठेवायची. काही पानं तिच्याच अक्षरात आहेत. ऑक्सफर्डला इंग्रजी शिकलेली, मानसशास्त्राचं पुढचं शिक्षण चालू असताना लग्न करून या वीज नसलेल्या घरात आलेली बाई. वहीत ती येते ते बहुतेक 'ई' या एका अक्षराने. ॲना फंडरच्या 'वाइफडम'ने (२०२३) या मुद्द्यावर ऑर्वेलला बरंच झोडलं आहे. पुस्तकात कल्पनेने रंगवलेले प्रसंग आणि पुरावा यांची सरमिसळ आहे, ती मला खटकते, विशेषतः अशा लेखकाच्या बाबतीत. पण तिचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या माणसाने प्रत्येक अंडं मोजलं, त्याने घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम मोजलं नाही.

मराठी वाचकाला हे पटकन कळेल. आपल्याकडे 'स्मृतिचित्रे' आहे, 'आहे मनोहर तरी' आहे. मोठ्या लेखकाच्या घरात पाणी कुठून येतं आणि हिशेब कोण ठेवतं, हे आपण त्या घरातल्या बाईकडूनच ऐकलं आहे. लक्ष्मीबाईंना आणि सुनीताबाईंना लिहायला पुढचं आयुष्य मिळालं. आयलीन मार्च १९४५ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली, ३९ वर्षांची. 'अ‍ॅनिमल फार्म' बाहेर आलं त्या ऑगस्टमध्ये. तिची काही पत्रं पुढे सापडली. ती मजेशीर आहेत, तिरकस आहेत, नवऱ्याच्या वहीपेक्षा कितीतरी बोलकी. लॉगमध्ये काय नोंदवायचं हे कोणीतरी आधी ठरवलेलं असतं, ही गोष्ट माझ्या धंद्यातही लोक फार उशिरा लक्षात घेतात.

वाचायला सुरुवात करायची असेल तर एप्रिल १९३९ पासून करा, रोज एक. नेटवरच्या नोंदी १९४२ पर्यंतच्या आहेत. पुढचं पीटर डेव्हिसनने संपादित केलेल्या 'डायरीज'मध्ये आहे. १९४६ नंतर ऑर्वेल स्कॉटलंडमधल्या जुरा बेटावर राहिला. क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत '१९८४' लिहीत होता आणि बाजूला बागेची वही चालूच होती. तिच्यातली शेवटची नोंद २४ डिसेंबर १९४८ ची आहे. रात्री कडाक्याची थंडी, दिवसा ऊन, समुद्र शांत. नाताळसाठी ठेवलेला हंस पळाला आणि मैलभर दूर समुद्रात पोहताना सापडला. कोणीतरी होडीतून जाऊन त्याला गोळी घातली. मग हंसाचं वजन, अर्ध्या पौंडापर्यंत. आणि बागेत स्नोड्रॉप सगळीकडे वर आलेत, थोडे ट्युलिप दिसू लागलेत.