वेश, अभिनय आणि गौरव

भरताच्या नाट्यशास्त्रात वेशभूषेचा विचार आहार्य अभिनयात केलेला आहे. पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव हे त्याचे चार प्रकार. आणि या साऱ्यांना मिळून तेथे नेपथ्यविधी म्हटले आहे. मराठी नाट्यव्यवहारात ‘नेपथ्य’ हा शब्द पुढे दृश्यरचनेपुरता उरला. हा केवळ शब्दाचा अर्थसंकोच नव्हे. वेश हा अभिनयाचाच एक प्रकार होय, ही जाणीवही त्याबरोबर क्षीण झाली. उत्कृष्ट वेशभूषेचा गौरव करताना परीक्षकाची आणि समीक्षकाची जी अडचण होते, तिचे मूळ येथे आहे.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे भरजरी शालू आणि पैठण्या मराठी प्रेक्षकाच्या स्मृतीत कायम आहेत. बालगंधर्वांचे नेसणे उच्चभ्रू घरांतील स्त्रियांनी उचलले. परंतु हा गौरव नटाला आणि वस्त्राच्या मोलाला मिळाला. कपडेपट सांभाळणारे हात अनामिकच राहिले. शिवाय वैभव हाच निकष मानला, तर ‘एकच प्याला’तील (१९१९) सिंधूचे काय करावयाचे? ज्या नटाची ख्याती जरतारीशी जोडली गेली होती, त्यालाच येथे दारिद्र्य पांघरावयाचे होते. तेथे वस्त्राचे सामर्थ्य त्याच्या उणेपणात आहे.

२०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातील वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विभागून पारितोषिक मिळाले. ते उचितच होते. मात्र त्यातील विसंगती लक्षणीय आहे: रंगभूमीवरील वेश चित्रपटात पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याला स्वतंत्र कर्ता लाभला, मूळ प्रयोगांत तो नटाच्या कीर्तीत विरून गेला होता.

याउलट, वैभवाशी संबंध नसलेल्या वेशाचे उदाहरण पुण्यातच आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम रंगलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधील मानवी पडद्याची चर्चा जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना आणि भास्कर चंदावरकर यांचे संगीत यांच्या अनुषंगाने विपुल झाली. पण माणसांची रांग भिंत होते ती केवळ हालचालीने नव्हे. एकाच वळणाच्या ब्राह्मणी वेशामुळे व्यक्ती पुसली जाते आणि उरतो तो समूह. तो पाठमोरा होताच माणसे दिसेनाशी होतात, व्यवस्था दिसू लागते. कीर्तनात जो वेश तोच बावनखणीच्या वाटेवर. कृती बदलते, शुचितेचे चिन्ह बदलत नाही. नाटकाचा उपरोध संवादांइतकाच या न बदलण्यात आहे. विविध वेशांनी सजलेला समूह ही भिंत उभारूच शकला नसता.

तेव्हा गौरवाचा निकष वस्त्राची किंमत, ऐतिहासिक अचूकता किंवा नेत्रसुख एवढाच असू शकत नाही. वेशाने नटाच्या देहाची चाल घडविली काय, प्रकाश आणि दृश्यरचना यांच्याशी त्याचे नाते जुळले काय, आणि तो काढून घेतला असता प्रयोगाचा अर्थ उणा झाला असता काय, हे प्रश्न विचारावे लागतील. त्यांची उत्तरे लिखित समीक्षेत नोंदली गेली नाहीत, तर पारितोषिकाच्या यादीत वेशभूषेची ओळ असूनही तिचा निर्णय डोळे दिपण्यावरच होत राहील. अशा निवाड्यात शालू जिंकेल. सिंधूचे लुगडे आणि मानवी पडद्याचा साधा वेश हे दोन्ही हरतील.