शनी ओळखणे आणि प्रश्न विचारणे : रूपांतरित अभ्यासमानकांच्या भाषेची चिकित्सा

शालेय अभ्यासक्रमाची मानके हा लेखनप्रकार भाषाभ्यासकांच्या नजरेस सहसा पडत नाही. ते खात्याचे लेखन. त्यात शैली नाही, व्यक्तिमत्त्व नाही, आणि वाचनाचा आनंद तर नाहीच नाही. तथापि एखाद्या मुलाने वर्षभर वर्गात काय करावयाचे हे ज्या लेखनातील एका क्रियापदावर ठरते, ते लेखन चिकित्सेवाचून राहू देणे बरे नव्हे. मानक म्हणजे मुळात एक वाक्य असते. विद्यार्थी हा त्याचा कर्ता, कथा-कविता-संख्या ही त्याची कर्मे, आणि विद्यार्थ्याकडून जी अपेक्षा असते ती सगळी क्रियापदात साठवलेली. अमेरिकेत तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी या मानकांचे जे रूपांतर गेल्या पाव शतकात घडले, त्यात मुख्य फेरफार या क्रियापदांतच झाला आहे. कर्मांविषयी पुष्कळ वाद झाले. क्रियापदांकडे मात्र वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झालेले दिसते.

या रूपांतराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. 1975 च्या कायद्याने अमेरिकेतील प्रत्येक अपंग मुलास सार्वजनिक शाळेचे दार उघडले. आत गेल्यावर त्याला काय शिकवावे, हे त्या कायद्याने ठरविले नव्हते. प्रथम ‘मानसिक वया’चा हिशेब चालला, आणि पंधरा वर्षांच्या मुलासमोर तीन वर्षांच्या मुलाची खेळणी ठेवली गेली. त्याविरुद्ध विस्कॉन्सिन येथील लू ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये एक निराळी कसोटी मांडली : मोठेपणी हे मूल जेथे राहील, काम करील, वावरेल, तेथे उपयोगी पडेल तेच शिकवावे. यातून बस पकडणे, बाजारहाट करणे, स्वतःचे अन्न शिजविणे अशा जीवनोपयोगी कौशल्यांचा अभ्यासक्रम आला. पुढे 1997 च्या कायद्याने ‘सर्वसाधारण अभ्यासक्रमात प्रवेश’ हा शब्दप्रयोग आणला व पर्यायी मूल्यमापन राज्यांवर बंधनकारक केले. जानेवारी 2002 मध्ये अस्तित्वात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने शाळांचे यश परीक्षेतील गुणांना जखडले. आणि 2015 च्या कायद्याने पर्यायी परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या प्रत्येक विषयात राज्यातील एकूण परीक्षार्थींच्या 1 टक्क्याच्या आत असावी, अशी मर्यादा घातली. या 1 टक्क्यासाठी इयत्तेच्या मानकांना जोडलेली, परंतु आवाक्यातील मानके कोणीतरी लिहिणे अपरिहार्यच होते.

अशा लेखनातील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न म्हणजे कॅन्सस विद्यापीठात केंद्र असलेल्या ‘डायनॅमिक लर्निंग मॅप्स’ या राज्यसंघाने सिद्ध केलेले ‘इसेन्शिअल एलिमेंट्स’, म्हणजे आवश्यक घटक. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉमन कोअर’ मानकांच्या कलमांसमोर त्यात रूपांतरित कलमे दिलेली आहेत. दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची ही सोय संहिताचिकित्सेला मोठीच उपकारक आहे. चिकित्सा होईल या अपेक्षेने ती केली नसावी, हा भाग निराळा.

कथावाचनाचे पहिलेच कलम घ्यावे. बालवर्गापासून तिसरीपर्यंत मूळ मानकात एक क्रियापदयुग्म अखंड चालू राहते : प्रश्न विचारणे आणि उत्तर देणे. दुसरीत या युग्माला कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे ही सहा प्रश्नपदे जोडली जातात. तिसरीत उत्तराला संहितेचाच आधार हवा अशी अट येते. समोरच्या स्तंभात बालवर्गात व पहिलीत मुलाने ओळखीच्या गोष्टीतील तपशील ओळखावयाचे आहेत. दुसरीत ‘कोण’ व ‘कुठे’ या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत. तिसरीत ‘कोण’ व ‘काय’ यांची. सहांपैकी दोन प्रश्नपदे राहिली, हे लगेच डोळ्यांत भरते. त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांत भरत नाही, कारण ती लोपाची आहे. युग्मातील पहिले क्रियापद, ‘विचारणे’, चारही इयत्तांतून नाहीसे झाले आहे.

या दोन कपातींची जात एक नाही. प्रश्नपदांच्या कपातीला भाषासंपादनाच्या अभ्यासाचा आधार आहे. इंग्रजी बोलणारी मुले ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ या अर्थांची पदे आधी आत्मसात करतात. ‘का’, ‘कसे’, ‘केव्हा’ ही मागाहून येतात. वस्तू, स्थळ व व्यक्ती यांच्याकडे बोट करता येते. कारणाकडे करता येत नाही. तेव्हा ‘कोण’ आणि ‘काय’ यांपासून आरंभ करणे सयुक्तिक आहे, जरी तेथेच थांबणे सयुक्तिक नसले तरी. त्याचप्रमाणे ‘संहिता’ या शब्दाच्या जागी ‘ओळखीची गोष्ट’ आणणे हे तर रूपांतराचे उत्तम उदाहरण होय. गोष्ट पुनःपुन्हा ऐकलेली असली की स्मृतीवरचा भार हलका होतो आणि मूल मूळ क्रियेसाठी मोकळे होते. भार उतरला, क्रिया राहिली. परंतु ‘विचारणे’ गाळण्याला असा कोणता आधार आहे? ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याला उत्तर देता येते, असा क्रम कोणत्याही भाषेतील बालभाषेच्या अभ्यासातून निघत नाही. वाक्य जुळविता येण्यापूर्वीच मूल आवाज चढवून, वस्तू पुढे करून, आईकडे व वस्तूकडे आळीपाळीने पाहून प्रश्नच करीत असते.

‘ओळखणे’ या क्रियापदाकडेही थोडे निरखून पाहिले पाहिजे. मूळ इंग्रजी क्रियापद ‘आयडेंटिफाय’ होय, आणि ते मराठीत आणू लागले की त्याची दोन शकले होतात. मराठीत ओळखणे ही मनातली क्रिया आहे. ती बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसते ते दाखविणे, निवडणे किंवा सांगणे. इंग्रजी शब्दात ही दोन्ही अंगे एकजीव झाल्यामुळे एक सोयीस्कर धूसरता निर्माण होते : मुलाने चित्राकडे बोट केले की त्याने ‘ओळखले’ असे म्हणता येते, आणि बोट केले नाही की ‘ओळखले नाही’ असेही. ज्या मुलाचा हात त्याच्या इच्छेनुसार वळत नाही, किंवा ज्याची नजर हेच ज्याचे बोट आहे, त्याच्या बाबतीत ही धूसरता निरुपद्रवी राहात नाही. मराठी अनुवादकाला येथे ‘ओळखणे’ की ‘निवडून दाखविणे’ असा निर्णय करावा लागेल. आणि प्रामाणिक निर्णय बहुतेक ठिकाणी दुसराच ठरेल.

कारण हे क्रियापद आले कोठून? ते अध्यापनातून आलेले नाही, परीक्षेतून आले आहे. या राज्यसंघाच्या परीक्षेतील बहुतांश प्रश्न संगणकाच्या पडद्यावर दिलेल्या थोड्या पर्यायांतून एक निवडण्याचे असतात. पुष्कळदा पर्याय तीन असतात. तीनांतून एक निवडणे ही कृती तपासावयास सोपी. ती यंत्राला वाचता येते, आणि राज्याराज्यांत तिचे माप एकच राहते. ‘विचारणे’ अशा चौकटीत बसत नाही. विचारलेल्या प्रश्नाला आधीपासून ठरलेला बरोबर पर्याय नसतो. ससा-कासवाच्या गोष्टीनंतर तीन चित्रांतून कासवाचे चित्र निवडणारे मूल बरोबर की चूक हे क्षणात कळते, आणि नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा ते बरोबर येतेच. चित्रफलकावरील ‘ससा’, ‘झोप’ आणि प्रश्नचिन्ह या तीन खुणांना क्रमाने स्पर्श करणाऱ्या मुलाला किती गुण द्यावे? गुण देता येत नाहीत म्हणून ती कृती मानकातून गेली, आणि मानकात नाही म्हणून वर्गातूनही जाण्याची भीती. प्रश्न विचारणे शिकवू नका, असे कोणी कोठे लिहिलेले नाही, हे खरे. पण शाळेवर गुणांचा जाब असता, न मोजल्या जाणाऱ्या क्रियेला वेळापत्रकात किती जागा उरते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आता मुख्य वादाकडे वळता येईल. 2011 मध्ये केव्हिन एअर्स व अन्य तिघांनी मानकाधिष्ठित अभ्यासक्रमाविरुद्ध एक निबंध प्रसिद्ध केला. शनिग्रह ओळखता येणारे, परंतु दात घासता न येणारे मूल हे त्याच्या शीर्षकातच उभे आहे, आणि शीर्षकामुळे तो गाजलाही. पुढच्याच वर्षी जिनेव्हरा कोर्टेड, फ्रेड स्पूनर, डायान ब्राउडर व ब्री जिमेनेझ यांनी सात कारणे देऊन त्याला उत्तर दिले. एका पक्षाचे म्हणणे असे की शाळेचे तास मोजके आहेत, ते उपयुक्त कौशल्यांना द्यावे. दुसऱ्याचे असे की पूर्ण शिक्षण हा अधिकार आहे, आणि दात घासता येण्यावर वाचनाची परवानगी अवलंबून ठेवणे अन्यायाचे आहे. इतर कोणत्याही मुलाला तशी अट घातली जात नाही. या विवादात न्याय उत्तरपक्षाकडे अधिक झुकतो. ॲन डोनेलन यांनी 1984 मध्ये मांडलेले तत्त्वही त्याच बाजूचे आहे : निश्चित पुरावा नसेल तेथे, चूक ठरल्यास मुलाचे कमीत कमी नुकसान करील असे गृहीत धरावे.

परंतु दोन्ही पक्षांची लढाई कर्मपदावर चालली आहे, शनी की दात. गाजलेल्या शीर्षकातील क्रियापद मात्र कोणी तपासले नाही. तेथे मूल शनी ‘ओळखते’ आहे! आक्षेपकांना जी निरर्थकता जाणवली तिचा उगम शनीत नसून या ओळखण्यात आहे. तीन वर्तुळांतून कडे असलेले वर्तुळ दाखविणे निरर्थक असेल; ते कडे कशाचे आहे असे विचारणे कोणत्याही मुलाच्या बाबतीत निरर्थक ठरत नाही. उलटपक्षी, दात घासण्याचा धडाही मुलाने केवळ आज्ञा पाळण्यापुरता राहिला, तर त्याची उपयुक्तता सांगितली जाते तेवढी खचितच नाही. आक्षेपक ज्या विद्येला निरुपयोगी म्हणतात, ती रूपांतरात आधीच निम्मी झालेली विद्या आहे. आणि समर्थकही तिचे समर्थन त्या निम्म्या रूपातच करतात, ही या विवादाची खरी उणीव होय.

उत्तर देणाऱ्याचीच भूमिका सतत वाट्याला येणे हे केवळ शाळेपुरते राहात नाही. जॅनिस लाइट, बार्बरा कॉलियर व पेनी पार्न्स यांनी 1985 मध्ये न बोलणाऱ्या लहान मुलांचे त्यांच्या पालकांशी होणारे संभाषण तपासले. संवादाला आरंभ बहुधा पालक करीत, आणि मुले मुख्यतः प्रतिसाद देत, असे त्यांना आढळले. ती मुले शारीरिक अक्षमतेची होती, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. पण त्यावरून एवढे दिसते की ही असमानता बुद्धीच्या मर्यादेवाचूनही उत्पन्न होते. संवादाची घडणच ती उत्पन्न करते. अभ्यासक्रमाने अशा घडणीला छेद द्यावा, तर तो तिच्यावर शिक्कामोर्तब करतो. आवश्यक घटकांच्या संभाषणविभागात बालवर्गासाठी मदत मागण्याचा उल्लेख आहे, हे नमूद केले पाहिजे. मदत मागणे आवश्यकच. परंतु गरजेपोटी मागणे आणि जिज्ञासेपोटी विचारणे ही एकच वाक्कृती नव्हे.

भारतात अशी कलमवार मानके नाहीत, म्हणून हा प्रश्न दूरचा मानण्याचे कारण नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात अभ्यासक्रम व परीक्षापद्धती यांत योग्य फेरबदल करण्याची तरतूद आहे, आणि उदाहरणादाखल तीन गोष्टी दिल्या आहेत : जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. पैकी पहिल्या दोन परीक्षेच्या आहेत. अभ्यासक्रमाला स्पर्श करणारी तिसरी, आणि ती सूट आहे. अमेरिकन रूपांतराने क्रियापद बदलले. येथे कर्म, कर्ता, क्रियापद असे सगळे वाक्यच रद्द होते. ज्या मुलाच्या घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी आहे, त्याला या सवलतीने काय मिळते व काय जाते, हे मराठी प्रदेशात तरी भाषाविज्ञानाने तपासावयास हवे होते.

तिसरीच्या त्या कलमाचे दुसरे रूपांतर कल्पिता येते : ओळखीच्या गोष्टीविषयी, उपलब्ध असेल त्या साधनाने, एक प्रश्न विचारणे आणि एका प्रश्नाचे उत्तर देणे. गुण कसे द्यावयाचे ही अडचण राहील. पण तिचे उत्तर त्याच परीक्षेत अंशतः आहे. तेथील लेखनाची चाचणी पर्यायनिवडीने होत नाही. शिक्षक साहित्य पुढे ठेवतो, मूल पेन्सिलीने, कळफलकावर किंवा अक्षरफलकावर जे करील ते पाहतो, आणि पाहिलेले नोंदवितो. कागदावरची खूण जर अशी पाहून नोंदविता येते, तर चित्रफलकावर ‘ससा’ आणि ‘झोप’ यांच्यानंतर स्पर्शिलेले प्रश्नचिन्हही तशीच नोंदविता येईल.