वर्गणीत कलावंताचा वाटा

नेरसारख्या तालुक्याच्या गावात लोककलेचा विषय निघाला की गाडी लगेच अनुदानावर येते. सरकार देत नाही म्हणून कला मरते, असं आपण म्हणतो. ही तक्रार खोटी नाही. तिजोरीवर ताण आला की सांस्कृतिक खर्चाला आधी कात्री लागते, आणि ती तालुक्यातल्या कलावंतापर्यंत सर्वात लवकर पोचते. ज्येष्ठ कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून आता महिन्याला ५,००० रुपये मिळतात. पण तो पन्नाशी उलटल्यावरचा आधार झाला. विशीतल्या खंजिरीवाल्याने तोवर काय खावं?

या भागाची खरी कला म्हणजे खंजिरी भजन. नेरचा तालुका अमरावती जिल्ह्याला लागून आहे आणि तुकडोजी महाराजांचं यावली, मोझरी त्याच जिल्ह्यात. महाराजांनी भजनाला गावसुधारणेच्या कामाला लावलं. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगात टाकावं लागलं, इतकी त्या खंजिरीची इंग्रजांना धास्ती होती. पुढे सत्यपाल महाराजांनी एकट्याने सात खंजिऱ्या वाजवत दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांवर लोकांना जागं केलं. ही परंपरा आजही जिवंत आहे, पण तिची धार कमी झाली आहे. कीबोर्ड आला, सिनेमाच्या चाली आल्या, साउंड इतका मोठा झाला की शब्दच ऐकू येत नाहीत. ज्या कलेचा सगळा जीव शब्दात, तिच्यासाठी हे मोठं नुकसान आहे. नव्या पोरांना तालमीला बसवणारं कुणी नसलं की चाल उसनीच घ्यावी लागते.

गावात पैसा नाही असं मात्र म्हणवत नाही. सप्ताह होतो, काला होतो, महाप्रसादाला घराघरातून गहू, डाळ, रोख वर्गणी येते. मंडप, साउंड, डीजे यांचे पैसे आधी ठरतात. भजन मंडळाला शेवटी शाल-श्रीफळ आणि जाण्या-येण्याचं भाडं. लोकांची दानत कमी झालेली नाही, वाटणीत कलावंत शेवटी बसलाय.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हे वेगळं आहे. वडसा इथल्या नाट्यमंडळ्यांना गावातली मंडळं ठरलेली रक्कम देऊन बोलावतात, तिकीट लावतात, रात्रभर नाटक चालतं, उरलेला पैसा गावाच्या कामाला जातो. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही रंगभूमी पोसली मात्र तिकीट काढून बसणाऱ्या शेतकऱ्यांनी. याची किंमतही आहे: गल्ला भरायचा म्हणून नाटकाच्या मध्ये भडक नाच घुसतात, संहिता पातळ होते. तरीही नटाला मानधन मिळतं, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा उभा राहतो.

नेर ज्यात येतं त्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही लोकांनी धरून ठेवलेलं पुष्कळ आहे. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या होतात, बंजारा तांड्यावर होळीला लेंगी रंगते, कोलामांची दंडार दिवाळीत निघते. रंगमंचही इथल्या माणसांनी आपला केला आहे. २०१९ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्यांची ओळख सगळीकडे झाली. पण त्या ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या, रंगमंचावर उभ्या राहून स्वतःच्या जगण्याबद्दल बोलत होत्या, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मागणी सरकारकडे चालू ठेवावीच, पण गणपती-दुर्गा मंडळांनी आणि सप्ताह समित्यांनी पावतीपुस्तक छापतानाच कलावंतांचा आकडा आधी लिहावा. जे भजन मंडळ वर्षभर चार पोरांना खंजिरी शिकवेल, त्याला पहिला कार्यक्रम द्यावा. छोटं का होईना, तिकीट लावावं. वेळही नीट निवडावी: आपल्याकडे हातात पैसा खेळतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि मग कापूस विकल्यावर. दिवाळीपासून होळीपर्यंतचे हे महिने नेरच्या बाजारपेठेलाही बरे जातात. दुकानदारांकडे आणि अडत्यांकडे जायचं तर तेव्हाच, आणि त्यासाठी तारखा पोळ्यालाच ठरायला हव्यात.